पाच तारे आणि फ्रेटला घासणारी तार : अभिप्राय वाचून इलेक्ट्रिक गिटार कशी पारखायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगा अकरावीत आहे, साध्या गिटारवर हात बसलाय, आता इलेक्ट्रिक हवी. बजेट वीस-पंचवीस हजार. कोल्हापुरातल्या दुकानात हवं ते मॉडेल शिल्लक नाही, म्हणून ऑनलाइन मागवायची. एकाच मॉडेलखाली एकजण लिहितो, ‘बॉक्समधून काढली आणि लगेच वाजवली, नाद खुळा!’ त्याच्याच खाली दुसरा, ‘तारा फ्रेटला घासतात, पैसे पाण्यात.’ खरं कोणाचं मानायचं? आणि ट्रेमोलोवाली (दांडा हलवून सूर वरखाली करायची सोय असलेली) घ्यावी की बिनट्रेमोलोची?

दोघांचंही खरं असू शकतं, आणि बहुतेक वेळा असतंच. या किमतीतल्या गिटारींवर मी रोज काम करतो. एकाच खेपेतल्या दोन गिटारी शेजारी ठेवल्या तरी एक लोण्यासारखी वाजते आणि दुसरी कुरकुरते. पण कुरकुरणारी वाईटच असते असं नाही. बऱ्याचदा तिला फक्त पाना लावायचा राहिलेला असतो.

गिटारमध्ये काही गोष्टी कारखान्यात कायमच्या ठरतात : नेकचं, म्हणजे मानेचं, लाकूड पिळलेलं नाही ना, फ्रेट, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, एका पातळीत ठोकलेत का, नेक बॉडीत सरळ बसलाय का, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) मध्यरेषेवर आहे का, ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी कांब) फिरतो का. बाकीचा सगळा सेटअप : तारांची उंची, नेकचा बाक, नटच्या (खुंट्यांच्या बाजूची तारांची खाचांची पट्टी) खाचांची खोली, सॅडलची (ब्रिजवरचा प्रत्येक तारेचा छोटा टेकू) जागा, पिकअपची (तारेचा आवाज पकडणारं चुंबकी वेटोळं) उंची. सेटअप तास-दोन तासांत बदलतो. पहिल्या खात्यातलं काही बिघडलं असेल तर दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या गिटारला परवडतच नाही. अभिप्राय लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना हा फरक माहीत नसतो. ते सेटअपला ‘क्वालिटी’ म्हणून शिव्या घालतात आणि रंगाच्या चकाकीला ‘क्वालिटी’ म्हणून तारे देतात. सेटअपची तक्रार म्हणजे एका गिटारची, एका गावातली, एका दिवसाची हकीकत. घडणीतली खोट मात्र वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून पुन्हा पुन्हा येते. वाचताना तुम्ही फक्त ही पुन्हा पुन्हा येणारी खोट शोधायची.

ताऱ्यांच्या सरासरीकडे बघूच नका. ‘पार्सल वेळेत आलं’, ‘भाच्याला गिफ्ट दिली, खूश झाला’, ‘सोबतची बॅग पातळ आहे’ असले अभिप्राय त्या सरासरीत मिसळलेले असतात. शिवाय विक्रीच्या साइटवर एकाच पानाखाली सगळे रंग, अॅम्पसकटचा सेट, कधी कधी वेगळं मॉडेलसुद्धा एकत्र बांधलेलं असतं. काळ्या गिटारखाली वाचलेली तक्रार भलत्याच गिटारची निघू शकते. अभिप्रायाच्या वर बारीक अक्षरात कुठला प्रकार घेतला ते लिहिलेलं असतं, ते आधी बघा. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि कसे दाखवावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं, पण ते ऐच्छिक म्हणून आलं. त्यावर विसंबून राहू नका.

पाच आणि एक तारेवाले बाजूला ठेवून तीन आणि चार तारेवाले वाचा. त्यातही ज्याने फ्रेटचा नंबर लिहिलाय, तारेचं नाव लिहिलंय, तो माणूस कामाचा. ‘आवाज मस्त’ यातून काहीच हाती लागत नाही. ‘पहिली तार चौदाव्या फ्रेटवर बेंड केली (म्हणजे बाजूला ओढून ताणली) की आवाज मरतो’ यातून खूप काही कळतं : पुढचा कुठलातरी फ्रेट वर उचललेला आहे. हेच वाक्य तीन वेगळ्या गावांतल्या तीन माणसांनी लिहिलं असेल तर ते मॉडेल सोडा.

आता ‘तारा घासतात’ या तक्रारीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त येते ती हीच. नुसतं ‘बझ येतो’ म्हटल्याने काही कळत नाही. तो कुठे येतो त्यावर सगळं आहे. फक्त मोकळी तार छेडल्यावर येत असेल आणि कुठलाही फ्रेट दाबला की जात असेल, तर नटची खाच जास्त खोल गेलीय. पहिल्या चार-पाच फ्रेटवर येत असेल तर नेक फार सरळ किंवा उलटा वाकलाय. ट्रस रॉड थोडा सैल केला की बहुधा जातो. बाराव्याच्या पुढे सगळीकडे येत असेल तर तारा फार खाली बसवल्यात किंवा नेकला बाक जास्त आहे. आणि एकाच तारेवर, एकाच फ्रेटवर येत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे. पहिले तीन प्रकार सेटअपचे. चौथा घडणीचा, पण एखादाच फ्रेट असेल तर ठोकून किंवा घासून बसतो. एकाहून जास्त ठिकाणी तसं असेल तर गिटार परत.

इथे एक जाता जाता. आपल्या भागात घराघरात तंबोऱ्याचा कान आहे. तारेखाली दोरा सरकवून जवारी लावली की जो झणकार उठतो, तो तिथे कमावलेला असतो. गिटारवर त्याच घासण्याला दोष म्हणतात. पण इलेक्ट्रिक गिटारवर बिनअॅम्पची वाजवताना येणारी थोडी झणझण अॅम्पमधून ऐकूच येत नसेल, तर ती दोषातही धरायची नाही. तारा खाली ठेवायच्या तर एवढी असतेच. ‘बझ येतो’ लिहिणाऱ्याने अॅम्प लावून ऐकलं होतं का, हे त्याच अभिप्रायात सापडतं का बघा.

आता एक अभिप्राय जवळून वाचू. या धर्तीचे अभिप्राय तुम्हाला कुठल्याही स्वस्त मॉडेलखाली दिसतील : ‘दिसायला लई भारी. पण ट्यूनिंग राहत नाही. सगळ्या तारा ट्यूनरवर बरोबर लावल्या तरी ई मेजर वाजवला की तिसरी तार बेसूर. खुंटी फिरवताना टिक असा आवाज येतो. खुंट्या हलक्या दर्जाच्या.’ तीन तारे.

त्याने पाहिलेलं सगळं बरोबर आहे, फक्त निष्कर्ष चुकलाय. ई मेजर कॉर्डमध्ये तिसरी तार पहिल्या फ्रेटवर दाबली जाते. मोकळी तार सुरात आणि पहिल्या फ्रेटवर दाबली की चढी, याचा अर्थ नटची खाच उथळ राहिलीय. तार नटवर उंच बसते, दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर वर जातो. ‘टिक’ आवाजही नटचाच. तार अरुंद खाचेत अडकते, खुंटी फिरवली की ताण साठत जातो आणि एकदम सुटतो. खुंटीची त्यात काही चूक नाही. नटच्या खाचा योग्य फाइलने कोरल्या की दोन्ही तक्रारी मिटतात. तोवर शिसपेन्सिलीचं टोक खाचेत घासलं तरी फरक पडतो. हा अभिप्राय माझ्या हिशेबात गिटारच्या बाजूचा आहे. एवढ्या बारकाईने बघणाऱ्या माणसाला नेकमध्ये, फ्रेटमध्ये काहीच खटकलं नाही. नट उंच ठेवून गिटार पाठवणं या किमतीत सर्रास चालतं, कारण खाच जास्त खोल गेली तर नट फेकावा लागतो, उथळ राहिली तर कोणीतरी पुढे कोरू शकतो. फटका बसतो तो शिकणाऱ्या पोराला. एफ कॉर्ड बसत नाही म्हणून ते स्वतःच्या बोटांना दोष देत बसतं.

‘ट्यूनिंग राहत नाही’ हे पहिल्या आठवड्यात लिहिलेलं असेल तर त्याला किंमत शून्य. नवी तार ताणली जाईपर्यंत उतरतेच. तीन-चार महिन्यांनंतरही तेच लिहिलं असेल तर लक्ष द्या.

तारखेबरोबर गावही बघा. आपल्याकडे हे कोणी बघत नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. फ्रेट धातूचा, फिंगरबोर्ड लाकडाचा. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, धातू आकसत नाही, आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बाहेर येऊन बोटाला ओरखडतात. दिल्लीतल्या माणसाने मे महिन्यात ‘फ्रेट हाताला लागतात’ लिहिलं आणि मुंबईतल्याने जुलैत ‘कडा एकदम मुलायम’ लिहिलं, तर गिटार एकाच घडणीची असू शकते. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की तेव्हा आलेली गिटार कडेने गुळगुळीत लागेल. तीच फेब्रुवारी-मार्चमध्ये हात फिरवून बघा. म्हणजे ती बिघडली असं नाही, बारीक फाइलने टोकं मारून घेतली की झालं. पण पावसाळ्यातल्या अभिप्रायांवरून ‘फ्रेटचं फिनिशिंग उत्तम’ असा निकाल देऊ नका. नेकही हवेप्रमाणे थोडा हलतो. कुठल्या दिशेला आणि किती, ते त्या त्या लाकडावर. वर्षातून दोनदा ट्रस रॉडला हात लावावा लागला तर त्यात वावगं काही नाही.

परदेशी अभिप्रायही जपून वाचा. अमेरिकेतली काही मोठी दुकानं प्रत्येक गिटार तपासून, जुळवून मगच पाठवतात. तिथला माणूस ‘बॉक्समधून थेट वाजली’ म्हणतो त्यात त्या दुकानाच्या कारागिराचा हात असतो. आपल्याकडे गोदामातून बंद खोकं निघतं ते थेट तुमच्या दारात. व्हिडिओवाल्यांना कंपनीने पाठवलेली गिटार तर निवडून पाठवलेली असू शकते. अशांकडून घडणीची माहिती घ्या, सेटअपची नको.

लाकडावरून चाललेल्या वादात वेळ घालवू नका. ‘पूर्वी रोझवुड होतं, आता लॉरेल देतात, दर्जा घसरला’ असं वाचाल. रोझवुड म्हणजे आपल्याकडचं शिसव आणि त्याची भावंडं. २०१७ मध्ये या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारात (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्यांची अट आली आणि कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी स्वस्त गिटारींत लॉरेल राहिलं. त्याने आवाज बिघडत नाही. थोडं कोरडं दिसतं, तेल पुसलं की झालं.

शब्दांपेक्षा लोकांनी टाकलेले फोटो जास्त बोलतात. फोटो मोठा करून ब्रिजकडे बघा. सहा सॅडल एका सरळ रेषेत ओळीने उभी असतील तर त्या गिटारचं इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर यावा म्हणून सॅडल पुढेमागे जुळवणं) कोणी लावलेलंच नाही. लावलेलं असेल तर दोन पायऱ्या दिसतात : जाड तीन तारांची सॅडल मागून पुढे येत जातात, चौथ्या जागी, म्हणजे तिसऱ्या साध्या (वरून तार न गुंडाळलेल्या) तारेचं, पुन्हा मागे जातं आणि तिथून पुढच्या दोन पुढे येतात. मग दोन्ही कडेच्या तारा नेकच्या शेवटच्या फ्रेटवर कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघा. बारीक तार कडेला चिकटून चाललेली दिसली, आणि दोन-तीन जणांच्या फोटोंत तशीच दिसली, तर नेक किंवा ब्रिज तिरका बसवला जातोय. पुढे सॅडलची उंची. सॅडल पार खाली टेकलेली आणि तरी लिहिणारा म्हणतोय ‘तारा उंच आहेत’, तर नेकचा कोन चुकलाय. नेकखाली पातळ पाचर घालून तो सुधारतो, पण नव्या गिटारला ते का करायचं?

सतार आणि गिटारमधला एक फरक इथे कामाला येतो. मिरजेच्या कारागिराकडे सतार नेली की तो पडदा बोटाने सरकवून सुरात आणतो, कारण पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. गिटारचा फ्रेट लाकडात ठोकलेला. त्याची जागा चुकली तर आयुष्यभर चुकलेली. सॅडल पुढेमागे करून फक्त तारेची एकूण लांबी सांभाळता येते. म्हणून ‘सॅडल शेवटपर्यंत मागे नेलं तरी बाराव्या फ्रेटवर सूर चढाच’ असं कोणी लिहिलं असेल तर तो अभिप्राय नोंदवून ठेवा.

घूं आवाजाच्या तक्रारीबद्दल थोडक्यात. अरुंद, एका वेटोळ्याचे पिकअप, म्हणजे सिंगल कॉइल, घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा घुंगाट पकडतातच. १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन उलटी वेटोळी जोडून हमबकर केला तो याच त्रासावर. तेव्हा सिंगल कॉइलवाल्या गिटारखालची ही तक्रार बाद. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो म्हणणाऱ्याची गिटार ठीक आहे. हात लावून फरकच पडत नाही किंवा आवाज वाढतो असं असेल तर आत वायर सुटलेली आहे किंवा उलटी जोडलीय. आपल्या पेठांमधल्या जुन्या घरांत बऱ्याचदा अर्थिंग नसतं, आणि दोष गिटारवर जातो. तारांना हात लावून झिणझिण्या आल्या तर मात्र वाजवणं तिथेच थांबवा आणि आधी वायरमनला बोलवा.

सोबत मिळणाऱ्या छोट्या अॅम्पवरून आवाजाचं मत देणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. तेवढ्याशा स्पीकरमधून कुठलीही गिटार डब्यात बसल्यासारखीच ऐकू येते.

आता गिटार घरी आल्यावरचं. तुम्ही उद्यमनगरात टर्नर आहात असं लिहिलंय, त्यामुळे माझं काम सोपं झालं. अर्धी हत्यारं तुमच्या टूलबॉक्सातच आहेत. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, प्लास्टिक काढू नका, तारा कापू नका, आणि परत करण्याची मुदत किती दिवस आहे ते कागदावर लिहून ठेवा.

गिटार सुरात लावा. ढिल्या तारांवर घेतलेलं कुठलंही माप खोटं. मग पहिला फ्रेट कॅपोने (तारा दाबून धरणारा चिमटा) किंवा बोटाने दाबून, शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबा आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. पाव मिलिमीटर, तुमच्या भाषेत दहा थाउ (इंचाचे दहा हजारांश), एवढी फट हवी. नंतर कॅपो काढून सतराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा. फेंडर कंपनी नेहमीच्या गोलाईच्या नेकसाठी १.६ मिलिमीटर सांगते. दोन-सव्वादोन असेल तरी घाबरू नका, सॅडलचे स्क्रू त्यासाठीच आहेत. व्हर्नियर लांबीला पुरणार नाही, म्हणून स्टीलच्या पट्टीने नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर घ्या. ६४८ मिलिमीटर स्केलच्या (नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीच्या) गिटारला ते ३२४ यायला हवं. त्यानंतर बाराव्यावर हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे.

फ्रेटच्या पातळीसाठी विकतचं हत्यार मिळतं, पण तुमच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल बिटची न घासलेली सरळ बाजू तेच काम करेल. पहिल्या चार-पाच फ्रेटना तीन इंची, बाराव्याच्या पुढे दीड इंची तुकडा. एका वेळी तीनच फ्रेटवर टेकवा आणि हलक्या हाताने डोलवून बघा. डोलला तर मधला उंच. शेवटी नेक डोळ्यासमोर धरून नटकडून ब्रिजकडे बघा, जसा तुम्ही शाफ्टचा रनआउट नजरेने पकडता तसा. दोन्ही कडा एकसारख्या वाकलेल्या दिसल्या तर तो बाक आहे, ट्रस रॉडचं काम. एक कडा वर आणि दुसरी खाली जात असेल तर नेक पिळलाय, आणि त्याला इलाज नाही.

पिळलेला नेक, न फिरणारा ट्रस रॉड, एकाहून जास्त ठिकाणी उंच फ्रेट, नेक आणि बॉडीच्या सांध्यात एका बाजूला मोठी फट : यातलं काहीही दिसलं की दुसरा विचार न करता परत. ट्रस रॉड तपासताना पाव फेऱ्याच्या वर जाऊ नका, आणि अडला तर जोर लावू नका. तुमच्या हाताला स्पॅनरची सवय आहे म्हणून सांगतो. बाकी टोचणारी टोकं, उंच नट, खरखरणारा व्हॉल्यूम, सैल जॅक, वरखाली तारा, यासाठी परत पाठवून दुसरी मागवण्यात अर्थ नाही. दुसरीला तेच किंवा वेगळं काहीतरी असेल. सेटअपचे आणि नव्या तारांचे पैसे पहिल्यापासून बजेटमध्येच धरा. बावीस हजारांची गिटार अधिक नीट सेटअप ही पंचवीस हजारांच्या जशी आली तशी वाजवलेल्या गिटारला सहज मागे टाकते.

ट्रेमोलोबद्दल : मुलगा ज्या गाण्यांमागे आहे त्यात ट्रेमोलो लागत नसेल तर बिनट्रेमोलोची, पक्क्या ब्रिजची घ्या. ट्रेमोलोच्या, स्प्रिंगवर तरंगत्या ब्रिजवर एक तार उतरवली की बाकीच्या पाच चढतात, आणि एक तुटली तर वाजवणं तिथेच थांबतं. हवं ते मॉडेल ट्रेमोलोसकटच मिळत असेल तरी अडत नाही. मागचं झाकण काढा, स्प्रिंग जिथे अडकवलेत त्या पट्टीचे दोन स्क्रू आवळत जा, ब्रिज बॉडीला टेकेपर्यंत. मग दांडा काढून खोक्यात ठेवून द्या. लॉकिंग ट्रेमोलोवाली (तारा स्क्रूने पक्क्या आवळणारी) मात्र या बजेटमध्ये नकोच. त्या किमतीतल्या स्वस्त लॉकिंग ब्रिजच्या धारा लवकर झिजतात, आणि तार बदलायला पोराला दर वेळी अॅलन की घेऊन अर्धा तास बसावं लागेल. तारा नऊ-बेचाळीसच्या (सगळ्यात बारीक नऊ थाउ, सगळ्यात जाड बेचाळीस) लावा. साध्या गिटारवरून येणाऱ्या बोटांना त्या हलक्या वाटतील, सुरुवातीला दाबताना सूर चढेलही. मग चार-सहा महिन्यांनी हवं तर दहा-सेहेचाळीस घालता येतील. तेव्हा नेकचा बाक पुन्हा मोजावा लागेल, कारण ताण वाढलेला असेल.